रिझ्युमेत खो-खो लिहू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी २३ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. बी.कॉम. झालंय, ६१ टक्के. टॅली आणि जीएसटीचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि गावातल्या एका कर सल्लागारांकडे आठ महिने काम केलं. आता पुण्यात अकाउंट्स असिस्टंटच्या जागांसाठी अर्ज करतेय. रिझ्युमे सायबर कॅफेतल्या दादांकडून करून घेतला. त्यांच्या साच्यात छंद म्हणून ‘वाचन, संगीत ऐकणे, प्रवास’ असं आधीच लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलं. मागच्या महिन्यात मुलाखतीत साहेबांनी विचारलं, शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं? मला एक नाव आठवेना. पुढच्या प्रश्नांची उत्तरं येत होती, तरी तोंडातून नीट आली नाहीत.

खरं म्हणजे मी सातवीपासून खो-खो खेळते. जिल्ह्याकडून तीनदा राज्य स्पर्धा खेळले, विद्यापीठाच्या संघातून एकदा आंतरविद्यापीठ. पदक मात्र कधी मिळालं नाही. दोन वर्षं आमच्या मंडळातल्या लहान मुलींना सकाळी शिकवते. (स्पर्धेला जायचं तर पालकांकडून पैसे जमवणं, एसटी, जेवण, सगळ्याचा हिशेब वहीत लिहिणं हेही माझ्याकडेच. एकदा १४० रुपयांचा फरक निघाला तर तीन दिवस वही घेऊन बसले. शेवटी कळलं, आमच्या खो-खोच्या सरांचंही तिकीट मी अर्धंच धरलं होतं.)

आयटीतली मैत्रीण म्हणते, छंदांचा रकानाच काढून टाक. कॉलेजात प्लेसमेंट बघणारे सर म्हणतात, हवाच, नाहीतर पान मोकळं दिसतं. काका म्हणतात, खेळ लिहिलास तर ही सारखी सुट्टी मागणार असं वाटेल. त्यातून खो-खो म्हणजे पुण्याच्या ऑफिसात गावठी दिसेल, त्यापेक्षा बॅडमिंटन नाहीतर ट्रेकिंग लिही. मी काय करू?

तुला अगं-तुगं करतेय, रागावू नकोस. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत भरतीचं काम करण्यात माझी एकवीस वर्षं गेली, त्यातली निम्मी तुझ्याच वयाच्या मुलामुलींसमोर बसून. पत्र वाचताना तू समोरच्या खुर्चीत बसली आहेस असंच वाटत राहिलं.

आधी त्या पुस्तकाच्या प्रश्नाबद्दल, कारण तो तुला अजून टोचतोय. साहेबांनी तुला पेचात पकडायला तो विचारला असेल असं मला वाटत नाही. नवा उमेदवार आत येतो तेव्हा त्याचा घसा कोरडा पडलेला असतो, फाइल कुठे ठेवायची हेही सुचत नसतं. अशा वेळी आम्ही रिझ्युमेच्या तळाशी नजर टाकतो. तिथे काहीतरी सोपं, त्याच्या आवडीचं सापडेल, दोन मिनिटं त्याला बोलू द्यावं, जरा मोकळं होऊ द्यावं, मग कामाचं विचारावं, असा विचार असतो. त्यामुळे पानावर सगळ्यात शेवटी लिहिलेली ओळ मुलाखतीत पुष्कळदा सगळ्यात आधी येते. तुला सावरून घ्यायला जी ओळ पुढे आली ती तुझी नव्हतीच. दुसऱ्याच कुणाचा छंद होता आणि परीक्षा तू दिलीस. तेव्हा त्या दिवसावरून स्वतःची किंमत ठरवू नकोस. ‘वाचन, संगीत, प्रवास’ हे तीन शब्द, याच क्रमानं, मी इतक्या पानांवर पाहिलेत की पुढेपुढे माझी नजर त्यावर ठरेनाशी झाली होती.

आता मैत्रीण आणि सर. मैत्रीण जिथे काम करते तिथे तिचं म्हणणं बरोबर आहे. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. ते टॅली, जीएसटी, एक्सेल असे शब्द बघतं, खो-खो बघत नाही. शिवाय पाच-सात वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या पानावर बोलायला त्याचं कामच पुष्कळ असतं, तिथे छंद नसले तरी कुणाचं काही अडत नाही. सरांचंही अर्धं बरोबर आहे. नवख्या उमेदवाराच्या पानावर माणूस दिसायला काहीतरी लागतं. पण जागा भरायची म्हणून लिहिलेली ओळ वाचणाऱ्याला रिकामीच दिसते. तुझ्या मुलाखतीत ते दिसलंच.

तुझ्यासारखं पान मी कसं वाचायचे ते सांगते. बी.कॉम., ६१ टक्के, टॅलीचा कोर्स, आठ महिने कर सल्लागारांकडे. एका जागेसाठी अशी दहा-बारा पानं सहज असायची आणि त्यांत डावं-उजवं करायला काही नसायचं. एकसष्ट टक्केवाली चांगली की चौसष्टवाला, हे टक्क्यांवरून कळत नाही. अकाउंट्समध्ये काम तारखांवर चालतं हे तू पाहिलंच आहेस: ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, २० ला ३बी हे कर भरायचं रिटर्न. वीस तारखेच्या संध्याकाळी पोर्टल गोल गोल फिरत बसलं, तर ही मुलगी थांबेल का? बँकेचा मेळ लागेना, तर पुढच्या महिन्यात बघू म्हणेल की शोधत बसेल? आणि चूक स्वतःचीच निघाली तर सांगेल की दडपून टाकेल? हे ज्यावरून थोडंफार कळेल, ते मी पानावर शोधायचे.

आणि तू हे सगळं मला लिहिलं आहेस. कंसात लिहिलं आहेस!

तुझ्या पत्रातल्या त्या कंसापाशी मी थांबले. वाचकांसाठी सांगते: मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मुलींचं आणि हिचं स्वतःचं तिकीट अर्धं, सरांचं पूर्ण. हिनं वहीत सरसकट सगळ्यांचं अर्धं धरलं आणि जाता-येता मिळून १४० रुपये कमी पडले. १४० रुपये कुणीही स्वतःच्या पाकिटातून घालून विषय मिटवला असता. तुला पैसे भरून मोकळं व्हायचं नव्हतं, फरक कुठून आला ते बघायचं होतं. अगं, ज्या टेबलावर तू नोकरी मागते आहेस, तिथे हेच काम असतं. आणि तू ते कंसात घालून पुढे गेलीस, कारण त्याला पगार नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं, आणि आजवर कुणी त्याला काम म्हटलं नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: ‘छंद’ हे शीर्षकच काढ. त्या जागी ‘खेळ आणि संघाचं काम’ असं काहीतरी लिही आणि खाली दोन-तीन ओळी. मी मराठीत लिहून देते, तू साध्या इंग्रजीत उतरव:

खो-खो, सातवीपासून. जिल्हा संघाकडून राज्य स्पर्धा ३ वेळा (वर्षं लिही), विद्यापीठ संघाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा १ वेळा (वर्ष लिही).
मंडळाच्या मुलींच्या संघाला २ वर्षं रोज सकाळी प्रशिक्षण (मुली किती, वयोगट कोणता).
संघाच्या स्पर्धांचा जमाखर्च २ वर्षं सांभाळला: पालकांकडून जमा, प्रवास, भोजन, प्रवेश फी, प्रत्येक स्पर्धेनंतर पालकांना लेखी हिशेब.

शेवटचा ‘लेखी हिशेब’ खरोखर देत असलीस तरच लिही. देत नसलीस तर पुढच्या स्पर्धेपासून द्यायला लाग, आणि तोवर ती ओळ नुसती ‘सांभाळला’वर थांबव. एकूण रक्कम किती हाताळलीस तेही वहीवरून काढ. वर्षाचे पंधरा हजार असोत की साठ हजार, खरा आकडा लिही. मोठी पदवी लावायचा मोह टाळ. ‘फायनान्स मॅनेजर, क्रीडा मंडळ’ असं वाचलं की वाचणारा सावध होतो, मग खरं असतं तेही त्याला फुगवलेलं वाटायला लागतं.

हे मी हवेत बोलत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एक बी.कॉम. झालेला मुलगा आला होता. अनुभव शून्य. पानाच्या तळाशी एक ओळ: गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार, चार वर्षं. मी विचारलं, खजिनदार म्हणजे करायचास काय? तो खुर्चीत पुढे सरकला. वर्गणीची पावती पुस्तकं कार्यकर्त्यांना देताना कोणत्या नंबरपासून कोणत्या नंबरपर्यंत ते तो लिहून ठेवायचा. पुस्तक परत आलं की शेवटच्या पावतीचा नंबर, मधल्या रद्द पावत्या आणि हातातली रोकड, तिन्ही जुळल्याशिवाय सही नाही. वर्गणी गोळा करायला नोंदणी नसलेल्या मंडळांना धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कलम ४१-क खाली, आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. तेही तोच बघायचा. एकदा एका थोरल्या कार्यकर्त्याचं पुस्तक दोन हजारांनी कमी आलं, तर यानं सही केली नाही. वयानं बारा वर्षांनी मोठा माणूस, त्याच्याच गल्लीतला. हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली आला होता. आमच्याकडे स्टोअर्सची बिलं तपासायला असाच माणूस हवा होता. तो रुजू झाला आणि पुढे बरीच वर्षं टिकला.

आता पदकाचं. तू लिहितेस, ‘पदक मात्र कधी मिळालं नाही’, आणि त्या ‘मात्र’मध्ये तू सगळी वर्षं खोडून टाकतेस. अचिव्हमेंट म्हणजे गळ्यात काहीतरी पडलं पाहिजे हे आपल्याला शाळेच्या बक्षीस समारंभांनी शिकवलं. खो-खोत मैदानावर नऊजणी उतरतात. जिल्ह्याच्या निवड चाचणीला किती मुली येतात हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्यांतून एकदा निवड झाली तर नशीब म्हणता येईल. तीनदा झाली म्हणजे निवडणाऱ्यांनी तुला तीनदा पारखून घेतलं. ते लिहायचं. आणि खो-खोत तर मोजदाद सेकंदांत होते, पेपरात बातमी येते तीच मुळी ‘अमुकनं दोन मिनिटं दहा सेकंद पळती केली आणि तीन गडी बाद केले’ अशी. पळती म्हणजे बाद न होता किती वेळ पळत राहिलीस ते. तुझी सर्वात मोठी पळती किती होती? कोणत्या सामन्यात? ते रिझ्युमेत नको, पण मुलाखतीत ‘कशी खेळायचीस’ म्हणून विचारलं तर ‘चांगली’ म्हणण्यापेक्षा ती वेळ सांग. समोरच्याला खो-खो कळत नसला तरी ज्याला आपले आकडे पाठ आहेत असा माणूस त्याला कळतो.

काकांशी मात्र मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण त्यांची भीती खोटी नाही. छंदावरून माणसाचं घर ओळखलं जातं. २०१६ मध्ये लॉरेन रिव्हेरा आणि आंद्राश टिल्चिक या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी नावाजलेल्या वकिली कंपन्यांच्या ३१६ कार्यालयांना कायद्याच्या विद्यार्थ्यांचे काल्पनिक रिझ्युमे पाठवले. शिक्षण आणि गुण सारखेच. काहींवर शिडाच्या बोटी, पोलो, शास्त्रीय संगीत, आणि काहींवर धावण्याच्या शर्यती, कंट्री संगीत. पहिल्या प्रकारच्या मुलग्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं, दुसऱ्या प्रकारच्या मुलग्यांपैकी जेमतेम एक टक्क्याला. श्रीमंती छंद लिहिलेल्या मुलींना मात्र तसा फायदा मिळाला नाही. ते जग वेगळं, तिथल्या नोकऱ्या वेगळ्या. पण आपल्याकडेही इंग्रजी शाळेतल्या मुलाचं ‘टेनिस’ आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीचं ‘खो-खो’ वाचताना काहींच्या भुवया वेगवेगळ्या हलतात. मी त्या खोल्यांत बसलेली आहे, नाही म्हणणार नाही.

तरीही मी तुला खो-खोच लिहायला सांगते. काका म्हणतात तसं बॅडमिंटन किंवा ट्रेकिंग लिहिलंस तर काय होईल ते मी पाहिलंय. एका मुलानं ट्रेकिंग लिहिलं होतं. आमचे जे अधिकारी मुलाखत घेत होते ते मूळचे जुन्नरकडचे. त्यांना आनंदच झाला. कुठे कुठे गेलास? मुलगा म्हणाला, हरिश्चंद्रगड. वा! कोणत्या वाटेनं? खिरेश्वरहून टोलार खिंडीतून, की पाचनईहून? की नळीच्या वाटेनं वर आलास? मुलगा गप्प. तो बहुधा मित्रांबरोबर एकदा गेला असेल, गाडी कुठे लावली तेवढंच आठवत असेल. अधिकाऱ्यांचा चेहरा पडला, कारण त्यांना खरंच गप्पा मारायच्या होत्या. पुढचे प्रश्न सगळे ठीक गेले, पण त्या मुलानं ‘एक्सेल येतं’ म्हटलं तेव्हा त्यांनी त्याला लगेच संगणकावर बसवलं. एरवी बसवत नसत.

आणि खो-खोला कमीपणा कसला? पुण्यात डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बसवले, म्हणजे तो पुण्याला परका नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवून तो जिंकला. कर्णधार होते प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. काकांना हे सांग. आणि एखाद्या ऑफिसात खो-खो वाचून कुणी खरंच नाक मुरडलं, तर तिथे तू बॅडमिंटन लिहून आत गेलीस तरी रोज सकाळी नऊ ते सहा तुला ते बॅडमिंटन सांभाळावं लागेल. त्या ओझ्यासकट हिशेब नीट होत नाहीत.

सुट्टीचा मुद्दा वेगळा. तिथे काका व्यवहाराचं बोलताहेत. साहेबांच्या मनात तो प्रश्न येणारच, विचारोत न विचारोत. त्याचं उत्तर तू आधी स्वतःशी ठरव. पुण्यात आल्यावर खेळणार आहेस का? खेळणार असशील तर सराव सकाळी किती वाजता, स्पर्धा साधारण कोणत्या महिन्यांत, वर्षाला किती दिवस, हे कागदावर मांड. मार्चअखेर आणि रिटर्नच्या तारखा तू सोडणार नाहीस हेही त्यात आलं. मग विचारलं की सांगायचं, ‘सराव सकाळी साडेसातच्या आत संपतो, स्पर्धेसाठी वर्षातून चारेक दिवस लागतील, ते मी हक्काच्या रजेतून आधी सांगून घेईन.’ आकडे तुझे घाल. आणि आता खेळणं थांबवायचं ठरलं असेल तर तेही सरळ सांग, त्यात काही कमी होत नाही. ‘खेळ सोडला’ म्हणताना मान खाली घालू नकोस एवढंच.

तुझ्यासारखी पत्रं मला इतरही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ज्याला विषयातलं काही मोजता येतं त्यानं ते मोजून लिहावं. ‘गायन’ लिहिण्यापेक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण, अमुक साल. ‘समाजसेवा’ लिहिण्यापेक्षा एनएसएसचे दोन वर्षांतले २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर कोणत्या गावी, तिथे तुम्ही काय केलंत. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर ते तळाशी छंदांत दडवू नका, वर शिक्षणाच्या शेजारी न्या. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा डिझाइनच्या कामासाठी अर्ज असेल तर लिहा, एरवी नाही. पाचवीतलं वक्तृत्वाचं बक्षीस आता राहू द्या, अगदी मनापासून सांगते. यूट्यूब वाहिनी किंवा इन्स्टावरचं काम लिहिणार असाल तर ते उघडून बघितलं जाणार हे धरूनच लिहा. पक्षाचं, जातीच्या संघटनेचं काम हा ज्याचा-त्याचा निर्णय आहे. त्यातलं कौशल्य दाखवायचं असेल तर काय केलंत ते लिहा, झेंडा मुलाखतीत आपोआप कळतो. वारीबद्दल एका मुलीनं विचारलं होतं. तिच्या दिंडीत चारशे माणसांच्या मुक्कामाच्या जेवणाचं सामान तिच्या घरचे बघतात आणि ती त्यांच्यात होती. मी तिला म्हटलं, लिही. नुसतं ‘वारी’ नको, चारशे माणसांचा शिधा लिही.

सरकारी नोकरीचं गणित निराळं, तिथे खेळाला कागदावर किंमत आहे. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची वेगळी भरती निघते. पण तिथे स्पर्धेची पातळी आणि मिळालेला क्रमांक दोन्ही बघतात आणि प्रमाणपत्र क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं. तुला क्रमांक मिळालेला नाही, त्यामुळे लाभ मिळेलच असं धरून चालू नकोस. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रमाणपत्रं घेऊन एकदा जाऊन ये, एका फेरीत सोक्षमोक्ष लागेल. आणि तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी यूपीएससी करत असेल तर तिला सांग, तिथे मुलाखतीआधीच्या सविस्तर अर्जात छंदांचा रकाना असतो, मुलाखत मंडळ त्यावर हमखास उलटसुलट विचारतं, आणि ती मुलाखत २७५ गुणांची असते. तिथे ‘वाचन’ लिहिणं फारच महाग पडू शकतं.

पानाच्या मांडणीबद्दल थोडक्यात. सायबर कॅफेच्या साच्यात वडिलांचं पूर्ण नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची असंही असेल. ते लग्नाच्या बायोडेटात असू दे, इथून काढ. तेवढ्या जागेत तुझ्या तीन ओळी आरामात बसतात. कर सल्लागारांकडचे आठ महिनेही तू एका ओळीत संपवले असशील. किती ग्राहकांची खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत चढवायचीस, २बीशी, म्हणजे विकणाऱ्यांच्या रिटर्नवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीशी, खरेदी जुळवायचीस का, रिटर्न स्वतः भरायचीस की फक्त तयार करून द्यायचीस, हे लिही. खो-खो कितीही जवळचा असला तरी पानावर त्याचा नंबर याच्यानंतर. आणि सगळं मिळून एक पान.

मुलाखतीआधी घरात कुणासमोर तरी दोन मिनिटं बोलून बघ. ‘खो-खोबद्दल सांगा’ म्हटल्यावर सुरुवात कुठून करशील? मला विचारशील तर त्या १४० रुपयांपासून कर. ‘एकदा स्पर्धेहून परत आल्यावर हिशेब लागेना’ असं म्हटलंस की अकाउंट्सचा साहेब कान टवकारतोच. सरांचं तिकीट तू चुकीचं धरलं होतंस हेही सांग, तो भाग गाळू नकोस. स्वतःची चूक स्वतः शोधून चारचौघांत सांगितली, हे त्याला तिथे ऐकू येईल.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण साहेब विचारतील, आणि मलाही विचारावीशी वाटते. तू पुण्याला आलीस की सकाळी त्या मुलींना कोण शिकवणार? सर असतील, पण पैसे जमवणं, एसटी, वही? त्यांच्यात नववी-दहावीतली एखादी नीटनेटकी मुलगी असेलच. पुढच्या स्पर्धेचा हिशेब तिला तुझ्याशेजारी बसून लिहायला लाव. तिकिटं वहीत चिकटवायची, पैसे घेतले की लगेच पालकाची सही घ्यायची, हे तिला दाखव. मग साहेबांनी विचारलं तर तुझ्याकडे खरं उत्तर असेल.

आणि जाताना वही तिच्याकडेच राहू दे. तू पानांचे फोटो काढून घे, पहिला त्या एसटीच्या तिकिटांच्या पानाचा.